निकाल लागायच्या आत

यिशुन, १२ नोव्हेंबर

प्रिय नीता,

जयभीम.

फोन करत नाही, कारण तुझा फोन आता तुझा राहिलेला नाही. परवा मी "काय चाललंय?" एवढंच विचारलं, तर उत्तर मंडपवाल्या रूपेशने दिलं. म्हणाला, "ताई, मॅडम फॉर्म भरायला गेल्यात." मॅडम! मी एम.टेक. झाले, इथे सिंगापुरात नोकरीला लागले, पण मला अजून कोणी मॅडम म्हटलेलं नाही. इथे ऑफिसात सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, ती गोष्ट वेगळी.

म्हणून कागदावर लिहितेय. हे तरी चार कार्यकर्ते मिळून वाचणार नाहीत.

तू नगरपरिषदेला उभी राहिलीस. अभिनंदन. आता एक विचारते. वॉर्डातल्या बाया बाबांकडे आल्या, ओसरीवर बसल्या, चहा झाला, तुझं नाव ठरलं. मला कोणी विचारलं नाही, हे तुला जराही खटकलं नाही का? घरातली पहिली पदवी माझी. जयंतीला चौकात माइकपुढे मी उभी राहायचे आणि तू खाली बसून सतरंजीचे धागे ओढायचीस. पाणी शुद्ध कसं करायचं हे शिकले मी, आणि नळाच्या पाण्यावर मतं मागणार तू, बारावी होऊन ब्लाऊज शिवणारी.

हे वाक्य वाईट आहे, मला कळतंय. खोडत नाही. खोडलं तर खाली काय होतं याचा तू विचार करत बसशील.

मीही काही रिकामी नाही. इथल्या आपल्या लोकांचा संविधान दिनाचा कार्यक्रम तीस तारखेला बिशानला आहे, गुरुप्रसाद सरांच्या कॉन्डोतल्या, म्हणजे सोसायटीतल्या, फंक्शन रूममध्ये. प्रमुख वक्ता मी. विषय मीच सुचवला: देशाच्या संसदेत पहिल्यांदा पोचलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. चार देश, चार जणी. विलासकाका, म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, विषय ऐकून घाबरले.

"हे बघ प्रियदर्शिनी, राजकारण नको. इथे आपण सगळे नोकरीच्या पासवर आहोत. इतिहास बोल, कितीही बोल."

"काका, राजकारणात गेलेल्या बायकांबद्दल राजकारण सोडून काय बोलू?"

"त्यांचं बालपण सांग ना!"

तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मला हसू आलं नाही, कारण सांगायला तू जवळ नव्हतीस.

आईला गुडघ्याचं तेल वेळेवर लावायला सांग.

तुझी ताई


यिशुन, २० नोव्हेंबर

प्रिय नीता,

जयभीम.

काल तू फोन केलास तेव्हा मी एमआरटीत, इथल्या मेट्रोत होते. नीट बोलले नाही, असं तुला वाटलं असेल. बरोबर वाटलं.

"ताई, तुझा फोटो पाठव ना. तो पदवीचा, टोपीवाला."

"कशाला?"

"फ्लेक्सवर. खाली शुभेच्छुकांचे गोल असतात ना, त्यातला पहिला गोल तुझा. रूपेशभाऊनं जागा धरून ठेवलीय."

पहिला गोल. खाली. तू वर, हात जोडून, चेहरा घागरीएवढा. आणि माझा खाली, डबीच्या झाकणाएवढा. मी म्हटलं, कंपनीचे नियम असतात, असा फोटो देता येत नाही. कंपनीत असा काही नियम आहे की नाही ते मी पाहिलेलं नाही.

मग तू दुसरं मागितलंस. दोन मिनिटांचा व्हिडिओ. "बायांसाठी बोल गं. समोरची पार्टी म्हणते, सख्खी मोठी बहीण सिंगापुरात, एवढी शिकलेली, अन् एक शब्द बोलत नाही. घरातच भरवसा नाही तर आपण कामून मत द्यायचं? ताई, पाच-सहा गल्ल्या त्याच्यावरच अडून बसल्या."

मी म्हटलं, बघते.

नीता, मला खरंच वेळ नाही. ऑफिसातून आले की भाषणाची तयारी. माझ्या चौघी तुला माहीत आहेत, पण सगळं माहीत नाही. कॅनडाची जीन ऑगस्टिन कॅरिबियन बेटावरून कॅनडात गेली ती दुसऱ्याच्या घरी मुलं सांभाळायला. पुढे शिक्षिका झाली, मग तिथल्या संसदेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आमच्या ब्लॉकखाली रविवारी त्याच कामाला आलेल्या बायका चटया टाकून बसतात, जेवण वाटून खातात. त्यांच्यातल्या कोणाच्या मनात काय असेल, असा विचार मी हल्ली करते. ब्राझीलची बेनेदिता दा सिल्वा झोपडपट्टीत वाढली आणि त्या देशाची नवी राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत जाऊन बसली. संविधान दिनाला यापेक्षा चांगलं काय सांगणार? इंग्लंडची डायान ॲबट, आईबाप जमैकाहून आलेले. आणि शेवटी शर्ली चिझम, अमेरिकेची. एकोणीसशे अडुसष्टला निवडून आलेली पहिली. चार वर्षांनी थेट राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी मागायला उभी राहिली.

शर्ली मला कॉलेजच्या वाचनालयात सापडली होती. सुट्टीत घरी आले तेव्हा शिवणयंत्राशेजारी बसून मी तुला तिच्याबद्दल सांगितलं. तू पायडल मारत होतीस. ऐकत होतीस की नाही, देव जाणे; म्हणजे तो नाहीच, तर तूच जाणे.

तुझी ताई


यिशुन, २७ नोव्हेंबर

नीता,

फ्लेक्सचा फोटो आला. बाबांनी पाठवला, आपल्या काकांनी पाठवला, रूपेशने तीनदा पाठवला.

तुझं चिन्ह, कपबशी, छान दिसतेय. तुझी साडीही. महापुरुषांची रांग व्यवस्थित आहे. पण खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, रूपेश मंडप डेकोरेटर्स आणि किराणावाले भाऊ यांच्या शेजारी, पहिल्याच गोलात हे काय आहे? चष्मा लावलेली, केस फुगवलेली, आणि खाली लिहिलंय: "शर्लीताई चिझम, अमेरिका."

शुभेच्छुक!

अगं, ती दोन हजार पाच साली वारली. तिने तुला शुभेच्छा कधी दिल्या? आणि शर्लीताई? आता तिच्या नावापुढे "मोबाईल नंबर" एवढंच टाकायचं राहिलंय.

मी बाबांना फोन केला. ते इतके हसत होते की बोलता येईना. म्हणाले, "तुझा फोटो आला नाही, गोल रिकामा. छापणारा म्हणे, रिकामा गोल अपशकुन दिसतो, कुणाचा तरी टाका. नीता म्हणाली, मग ताईच्या शर्लीबाईचा टाका. आम्ही तिला वर महापुरुषांत टाकणार होतो, पण वरची ओळ आधीच भरली होती." समोरच्या पार्टीचा कोणीतरी म्हणाला म्हणे, ही सिंगापूरवालीची होणारी सासू आहे. त्यावर आईसुद्धा हसली.

मला हसू आलं नाही. सगळं गाव हसतंय आणि मी इथे बसून त्या गोलाकडे बघतेय. तिला मी शोधलं होतं. लोकांनी "अजून तुझी वेळ आली नाही" म्हटलं तरी ती उभी राहिली, हे मी पाठ केलं होतं, तू नाही. तिच्यावर बोलणार मी. आणि तू तिला माझ्याच जागी बसवलंस.

घर घेतलंस, बाबांना घेतलंस, चौक घेतलास. ती तरी माझ्याकडे राहू द्यायची होती.

व्हिडिओचं बघते, म्हटलं ना.

प्रियदर्शिनी


यिशुन, ३० नोव्हेंबर

प्रिय नीता,

जयभीम.

भाषण झालं. चांगलं झालं. फंक्शन रूम भरली होती. एसी इतका थंड की मंडळातल्या सुरेखाकाकूंनी पदर डोक्यावरून घेतला. त्रिसरण झालं, उद्देशिकेचं वाचन झालं आणि मग मी. पडद्यावर एकेकीचा फोटो. समीर सरांची लेक क्षिप्रा पुढेच बसली होती, मध्येच बापाला म्हणाली, "सो लाँग, लाह." तो म्हणाला, "शर्ली येऊ दे, मग खाऊ."

मग शर्लीचा भाग आला. मी सांगितलं, ब्रुकलिनची ही शिक्षिका काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत पोचली. शहरातल्या बाईला शेतीच्या समितीवर टाकलं, तर तिने गप्प बसायचं नाकारलं आणि समिती बदलून घेतली. मग सांगितलं, ती राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभी राहिली तेव्हा तिला सगळ्यात जास्त काय लागलं असेल. शत्रूंनी विरोध केला ते नव्हे. ज्यांनी तिच्या शेजारी उभं राहायचं, त्यातले कितीतरी जण कचरले. काही पुरुष म्हणाले, आधी आमच्यातला कोणी. काही बायका म्हणाल्या, मनाने तुझ्याबरोबर आहोत. "मनाने बरोबर असणाऱ्यांची मतं मोजत नाहीत," असं मी म्हटलं आणि टाळ्या पडल्या. विलासकाकांनीही वाजवल्या, राजकारण विसरून.

नंतर प्रश्न झाले. तुझाही विषय निघाला. त्या फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत इथेही आला आहे. मी योग्य ते उत्तर दिलं.

जेवण चांगलं होतं. वांग्याची भाजी थोडी तिखट.

उद्या प्रचार संपतोय, हे माहीत आहे मला. व्हिडिओ आज करते.

तुझी ताई


यिशुन, ३ डिसेंबर

नीता,

काल मतदान झालं. व्हिडिओ मी पाठवला नाही, हे तुला माहीतच आहे.

केला होता. बरेचदा केला. प्रत्येक वेळी ऐकला आणि पुसला. शेवटचा सगळ्यात चांगला होता, आवाजही छान लागला होता. तोही ऐकला. "मी पाण्यावर संशोधन करते, मी या चौकात वाढले, मी नेहमी म्हणत आले." दोन मिनिटं बोलले आणि त्यात तुझं नाव एकदाही नव्हतं. मग तोही पुसला.

आज बाबांनी सोमवारच्या कोपरासभेचा व्हिडिओ पाठवला. खाली एकच शब्द: "बघ." ऑफिसातून क्वीन्सटाउन स्टेशनकडे चालत निघाले होते, तिथेच थांबून पाहिला. तू पिंपावर उभी आहेस, टाकीशेजारी. मागून कोणीतरी ओरडतो:

"ओ मॅडम, तुमची ती शर्लीताई प्रचाराला कधी येणार?"

आणि तू म्हणतेस, "ती वारली, काका. माझी सख्खी ताई तर जित्ती आहे, तरी ती आली नाही. मी कोणाकोणाला दोष देऊ?"

हशा. मला वाटलं संपलं, तू मला गावासमोर एका विनोदावर सोडून दिलंस. पण तू थांबली नाहीस.

"खरं सांगू का? तुमी लोक आधी तिच्याकडंच गेलते. तिनं म्हटलं, पुढच्या वेळेला येते, आता नोकरी आहे. मग तुमी माझ्याकडं आले. आता ती रुसली. रुसणारच. जागा तिची होती. पण अमेरिकेतली ती बाई थांबली नव्हती, हे मला तिनंच सांगितलं, मी ब्लाऊजला हुक लावत होते तवा. मी ते मनावर घेतलं. त्यात माझी काय चूक?"

नीता, पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला कोणी विचारलं नाही. ते खोटं होतं. बाबांनी मला विचारलं होतं, त्या बायांसमोर, स्पीकरवर. मी म्हटलं, पुढच्या पाच वर्षांनी बघू, आता पास सोडून येणं शक्य नाही. मला वाटलं होतं, त्या थांबतील. माझ्यासाठी जागा रिकामी ठेवतील. थांबायचं नसतं हे जगाला सांगत फिरणारी मी, आणि माझी अपेक्षा काय, तर सगळ्या वॉर्डाने पाणी न मागता पाच वर्षं माझी वाट बघावी.

आणि बिशानला मी दिलेलं "योग्य ते उत्तर". सुरेखाकाकूंनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही तीच ना गं, फ्लेक्सवरची? त्या फ्लेक्सवर उभी आहे ती मुलगी तुझी कोण?"

मी म्हणाले, "लांबची बहीण आहे."

भाषणाच्या टाळ्या अजून माझ्या कानात होत्या.

वाईट वाटतंय, पण ते एक. दुसरं असं, की तो व्हिडिओ बघताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: एवढं मोकळं मला कधीच बोलता आलं नाही. चार आठवडे मी स्लाइड्स केल्या आणि तू पिंपावर चढून एका दमात तेच सांगितलंस, आणि लोक तुझ्याकडे बघत राहिले. मला लाज वाटायच्या आधी हेवा वाटला. आधी हेवा, मग लाज. हाच क्रम होता.

ताई


यिशुन, ७ डिसेंबर

प्रिय नीता,

जयभीम.

बाबांकडून कळलं की मोजणी लांबली, आता एकवीस तारखेला. मतदान यंत्रं गोदामात कुलपात आहेत आणि रूपेश रोज बाहेर जाऊन कुलूप बघून येतो म्हणे. त्याला सांग, कुलपाला मंडप घालू नकोस.

काल महापरिनिर्वाण दिनाची वंदना होती, पुन्हा बिशानलाच. वंदना झाल्यावर सगळे पायात चपला घालत होते. मी सुरेखाकाकूंना म्हटलं, "काकू, ती माझी सख्खी बहीण आहे. एका आईची."

"कोण?"

"फ्लेक्सवरची. नीता."

"अगं मग त्या दिवशी लांबची कामून म्हणालीस?"

मला चांगलं कारण देता आलं असतं. विलासकाका शेजारीच होते, राजकारण नको म्हणून, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "हेवा वाटला."

काकू चपलेचा पट्टा लावता लावता थांबल्या. "माझी धाकटी जाऊ डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी सगळ्यांना सांगते, दवाखान्यात असते." मग पट्टा ओढून घेत, "पाण्याचं तरी करील ना गं तुझी बहीण?"

"करील," मी म्हटलं. "तिला टाकीपासून शेवटच्या नळापर्यंतची लाइन पाठ आहे." आणि मग मी तुझ्याबद्दल बोलतच राहिले. बोळातल्या फुटक्या पाइपाचं, तू नगरपरिषदेत नेऊन ठेवलेल्या गढूळ पाण्याच्या बाटलीचं. काकूंची लिफ्ट दोनदा येऊन गेली. हे सगळं मला माहीत होतं, नीता. दोन मिनिटांच्या व्हिडिओत हेच बोलायचं होतं. तेव्हा ते उपयोगाचं होतं, आता नाही.

शर्लीबद्दल एक गोष्ट मी भाषणातून गाळली होती. तिच्याविरुद्ध उमेदवारी मागणारा एक गव्हर्नर होता, काळ्या लोकांना वेगळं ठेवा असं उघड सांगत आलेला. प्रचारात त्याला गोळी लागली. शर्ली त्याला भेटायला इस्पितळात गेली. तिचेच लोक तिच्यावर चिडले. मी ते गाळलं, कारण मला ते पटत नव्हतं, आणि आता कळतं की मला ते जमत नव्हतं. तू माझी शत्रू नाहीस. तू गोळीही खाल्ली नाहीस. तू फक्त माझ्या आधी उभी राहिलीस, आणि मला दोन मिनिटं तुझ्याकडे येता आलं नाही. तिच्यावर भाषण करायला मी लायक आहे का, हे मी विलासकाकांना विचारणार नाही. ते म्हणतील, बालपण सांग.

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि त्यातही मोठी तूच ठरशील. तेवढं आज मला सोसणार नाही.

पण एक लिहायचं आहे, म्हणून आजवर न पाठवलेली ही सगळी पत्रं एकाच पाकिटात घालतेय, न खोडता. तू जिंकलीस तर सगळं गाव म्हणेल की आम्हाला आधीच माहीत होतं, आणि त्या गर्दीत माझं अभिनंदन कोणाला ओळखूही येणार नाही. तू हरलीस, तर माझं मला ठाऊक आहे. मी तुझी समजूत काढीन, फार चांगली काढीन, रात्ररात्र फोनवर बोलीन, आणि आतून मला बरं वाटत असेल. त्यामुळे या दोन्हींतलं काहीच घडलेलं नसताना लिहिते. तू उभी राहिलीस. आपल्या घरातून कोणी उभं राहिलं ते पहिल्यांदा, आणि ती तू होतीस, मी नव्हते. पहिली तू.

अजून हेवा वाटतोय. आकडे यंत्रात बंद आहेत तोवर मला हे लिहिता येतंय. एकवीस तारखेनंतर लिहिता येईल, याची मला खात्री नाही. म्हणून खाली जाऊन हे पाकीट आत्ताच टपालपेटीत टाकते.

तुझी,
ताई